आमची वाटचाल : रिकाम्या खोक्यांचा वाढदिवस

आमचा मूळ धंदा पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. कारखान्यांना माल भरायला लागतात ती साधी, तपकिरी खोकी. सासऱ्यांनी सुरू केला, पुढे नवऱ्याने वाढवला आणि आता मी आणि माझी नणंद मिळून तो बघतो. वाढदिवसाच्या पेट्या त्यातून पुष्कळ नंतर निघाल्या. पण आज लोक आम्हाला ओळखतात ते या पेट्यांमुळे, आणि आमचा जीवही त्यांच्यातच जास्त रमतो.

पेटीत मूल आत शिरून बसू शकेल असं एक मोठं खोकं असतं, घडी घालून सपाट केलेलं. शिवाय लहानमोठे पुठ्ठ्याचे तुकडे, कागदी नळ्या, सुती दोरा, कापडाच्या चिंध्या, कागदी चिकटपट्टी, जाड खडू, पताकांसाठी कोरा कागद आणि कोरी निमंत्रणं. पालकांसाठी एक पानी पत्र. झाकणावर चित्र नाही, आत नमुना नाही, ‘याचं अमुक बनवा’ अशी सूचनाही नाही. वाढदिवस घरच्या घरी करायचा आणि तो मुलाने स्वतः रचायचा, एवढ्यासाठी ही पेटी.

सुरुवात कारखान्याच्या मागच्या अंगणात झाली. खोकी कापताना कडेचे तुकडे उरतात, एखादी घडी तिरकी पडली की अख्खं खोकं बाद होतं. हा सगळा माल लगद्यासाठी परत जायचा. गाडी येईपर्यंत घरची आणि शेजारची मुलं त्या ढिगावर तुटून पडायची. नणंद तेव्हा बालवाडीत शिकवत होती. वर्गातल्या रंगीत, तयार खेळण्यांना लवकर कंटाळणारी मुलं इथे दुपारच्या दुपार कशी रमतात, हे ती बघत बसायची. तिनेच मला सोरेन्सनबद्दल सांगितलं. कार्ल थिओडोर सोरेन्सन हा डेन्मार्कचा उद्यानरचनाकार. नीट आखलेली क्रीडांगणं सोडून मुलं बांधकामाच्या जागी आणि भंगारात खेळायला जातात हे त्याने हेरलं होतं. त्याच्या कल्पनेतून १९४३ मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनमधल्या एमड्रुपला मुलांसाठी मुद्दाम टाकाऊ सामानाचं मैदान उभं राहिलं. पुढे १९७१ मध्ये सायमन निकल्सन या ब्रिटिश कलावंताने ‘सुट्या भागां’चा विचार मांडला : हलवता, जोडता, मोडता येतील अशा वस्तू जितक्या अधिक आणि जितक्या तऱ्हेच्या, तितका मुलांच्या शोधक बुद्धीला वाव. हे ऐकलं आणि मागच्या ढिगाकडे मी वेगळ्याच नजरेने बघायला लागले.

ओळखीतल्या एका बाईंनी मुलीच्या वाढदिवसाला तुकड्यांचं एक पोतं मागितलं. मग त्यांच्या मैत्रिणीने मागितलं. आम्ही दोघी त्या घरांमध्ये जाऊन बसायचो, मुलं काय करतात ते बघायचो. त्याआधी पाहिलेले बरेचसे वाढदिवस आठवले : सजावट करून देणारे लोक येतात, खेळ घेणारा माणूस येतो, सगळं वेळेवर आणि सुरेख होतं, आणि ज्याचा दिवस असतो ते मूल आपल्याच घरात पाहुण्यासारखं उभं असतं. त्याला करण्यासारखं काही उरलेलंच नसतं. पोतं गेलेल्या घरांत मात्र वाढदिवस चार-पाच दिवस आधीच सुरू झालेला असायचा. शाळेतून आल्या आल्या मूल कामाला लागायचं.

त्यातलं एक घर मी कधी विसरणार नाही. मुलगी सहा वर्षांची होत होती. मोठ्या खोक्याला तिने एक खिडकी कापून घेतली होती आणि आत पाट टाकून ती बसली होती. बाहेर खडूने लिहिलेलं, ‘पावसाचं ऑफिस’. आलेल्या प्रत्येकाने रांगेत उभं राहायचं आणि आपल्याला कसा पाऊस हवा त्याचा अर्ज द्यायचा. अर्जाला कागद तिनेच फाडून ठेवलेले. लिहिता न येणाऱ्यांनी चित्र काढायचं. एका छोट्याने फक्त आपल्या घरावर पडणारा पाऊस मागितला. तिने बराच विचार केला, बाटलीच्या बुचाला रंग लावून शिक्का मारला आणि सांगितलं, “मंजूर, पण शेजाऱ्यांना विचारून.” तिचे आजोबा रांगेत तिसरे होते. त्यांनी रात्रीचा, आवाज न करणारा पाऊस मागितला. तो तिने नाकारला, कारण आवाज नसेल तर पाऊस आलाय हे कळणार कसं! आजोबांना नवा अर्ज भरावा लागला. हा खेळ संपेपर्यंत खाऊकडे कोणी फिरकलं नाही. घरी परतताना नणंद म्हणाली, “वहिनी, हे विकायचंच.”

विकायला बाहेर पडलो तेव्हा खरी परीक्षा सुरू झाली. दुकानदार पहिला प्रश्न विचारायचे, यातून बनतं काय? झाकणावर राजवाड्याचा नाहीतर रॉकेटचा फोटो टाका, माल हातोहात जाईल, असं अनेकांनी आपुलकीने सुचवलं. धंदा म्हणून ते पटण्यासारखं होतं. पण झाकणावर राजवाडा छापला की मुलाचा राजवाडा त्या फोटोशी ताडून बघितला जाणार, आधी आईबाबांकडून आणि मग मुलाकडूनच. पावसाचं ऑफिस कुठल्याच झाकणावर सापडलं नसतं. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्कीने १९३३ मध्ये खेळावर व्याख्यान दिलं होतं. त्यात काठीचा घोडा करणाऱ्या मुलाचं उदाहरण आहे. काठीवर बसून दौडताना मूल पहिल्यांदाच वस्तूपासून तिचा अर्थ सुटा करतं : डोळ्यांना काठी दिसते, पण वागणं घोड्याशी असावं तसं. पुढे अमूर्त विचार करायला जी ताकद लागते तिचा पाया इथे पडतो, असं त्याचं म्हणणं. घोड्याचं तोंड, आयाळ, खोगीर सगळं आम्हीच करून दिलं, तर मुलासाठी शिल्लक काय राहिलं? म्हणून झाकण कोरं ठेवलं. काही दुकानांनी पेट्या परत केल्या. ज्यांनी ठेवल्या त्यांच्याकडून गिऱ्हाइकं थेट आमच्यापर्यंत यायला लागली, आणि आज आमचा बहुतेक माल तोंडी शिफारशीवरच जातो.

माल दिसतो साधा, पण त्यामागे बरंच काम आहे. कटिंग मशिनवर आमच्याकडे एक जुने कारागीर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. तीन थरी पुठ्ठ्यात वरखाली सपाट कागद आणि मध्ये नागमोडी पन्हळ असते. पन्हळीच्या रेघेने तो सहज वाकतो, आडवा वाकवला तर चुरगळतो. मोठ्यांच्या हाताला हे जाणवत नाही, पाच वर्षांच्या हाताला फार जाणवतं. मामांनी म्हणून तुकडे दोन्ही दिशांनी कापायला घेतले : काही लांबीत वाकणारे, काही रुंदीत. काही तुकड्यांना ते अर्धा काप देतात, वरचा कागद कापलेला आणि खालचा शाबूत. मूल तो नुसत्या हाताने दुमडू शकतं, कोणाला हाक मारावी लागत नाही. मोठ्या खोक्याला तारेच्या पिना नाहीत, सगळे जोड चिकटवलेले. नळ्या आणि तुकड्यांची भोकं एकाच मापाची, म्हणजे नळी भोकात घट्ट बसते आणि चिकटपट्टीशिवायही मनोरा उभा राहतो.

फुगे आम्ही घालत नाही. त्यावरून अजूनही फोन येतात, म्हणून कारण इथे सांगते. न फुगवलेला किंवा फुटलेला रबरी फुगा तोंडात गेला तर तो घशात चिकटून श्वास कोंडू शकतो. अमेरिकेत तर फुग्यांच्या पाकिटावर आठ वर्षांखालच्या मुलांसाठी तशी सूचना छापणं कायद्यानेच बंधनकारक आहे. तीन वर्षांखालच्या मुलांच्या पेटीत बटणं, मणी, बुचं असलं काहीच नसतं. फक्त मोठे तुकडे आणि कापड.

पालकांचं पत्र नणंद लिहिते आणि दरवेळी त्यात थोडा बदल करते. पाहुणे किती बोलवायचे, तर मुलाच्या वयाइतके, फार तर एखादं जास्त. वेळ दोन तासांच्या आत. निमंत्रणं मुलाच्याच हातची जाऊ द्या, अक्षर उलटं पडलं तरी. येणाऱ्या प्रत्येक मुलाला दारातच काहीतरी काम द्या : पताकेवर चित्र काढणं, दोरा ओवणं, तिकिटं फाडणं. लवकर आलेली मुलं मग ताटकळत नाहीत आणि लाजरी मुलं कामाच्या निमित्ताने मिसळतात. तिचा सगळ्यात जास्त भर एका गोष्टीवर असतो. मुलाने काही बनवलं की ‘हे काय आहे?’ असं विचारू नका. त्या क्षणी त्याला स्वतःलाच ते ठरवायचं असतं. त्याऐवजी ‘इथे कोण राहतं?’, ‘रात्री इथे काय होतं?’ असं विचारा आणि उत्तराची वाट बघा. वाकडी भिंत सरळ करू नका. भिंत पडली तर ती मुलांना पुन्हा उभारू द्या, त्या पडण्या-उभारण्यात भांडणं, वाटाघाटी, समेट सगळं होऊन जातं.

एका वडिलांनी आम्हाला कळवलं होतं की त्यांच्या मुलाला वाढदिवस नकोसा वाटतो. सगळे आपल्याकडे बघत गाणं म्हणतात तेव्हा तो पलंगाखाली शिरतो. त्या वर्षी तो मोठ्या खोक्यात शिरला. दीपगृह केलं होतं त्याने, वर एक गोल भोक आणि हातात टॉर्च. बाकीची मुलं चादरीवर बसून जहाजं झाली होती. कुठल्या जहाजाने कधी यायचं हे दिव्याच्या उघडझापीवर तोच ठरवत होता. गाणं झालं तेव्हाही तो आतच होता, आणि गाण्याला टॉर्चने साथ देत होता. सगळ्यांचं लक्ष त्याच्यावरच होतं, पण ते त्याला झेपेल अशा रीतीने. वडिलांचं ते पत्र आम्ही पॅकिंगच्या टेबलासमोर लावलंय. त्याच्याच बाजूला एक कात्रण आहे : अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या खेळण्यांच्या संग्रहालयाने आपल्या सन्मानदालनात २००५ मध्ये पुठ्ठ्याच्या खोक्याला आणि २००८ मध्ये काठीला स्थान दिलं. मामांना त्याचा फार अभिमान आहे.

पसारा होतो ही तक्रार आम्ही मान्य करतो. पसारा होतोच. पण तो सगळा कागदाचा आणि कापडाचा असतो. बरेच जण मोठं खोकं पुढे महिनोन्‌महिने ठेवतात, कारण मूल ते टाकूच देत नाही. खेळाचा आणि फुरसतीचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात, कलम ३१ मध्ये लिहिलेला आहे. घरातला एक कोपरा काही आठवडे त्या हक्कासाठी मोकळा सोडावा, अशी विनंती मी प्रत्येक आईबाबांना फोनवर करते, आणि बहुतेक जण ऐकतात.

मुलांची आमच्याकडे सगळ्यात मोठी मागणी आहे चाकांची. त्यांना काहीतरी फिरणारं, धावणारं हवंय. पुठ्ठ्याचं चाक एका बाजूने दबतं आणि गाडी लंगडायला लागते. मामा सध्या दोन थर पन्हळी काटकोनात ठेवून चिकटवतायत, म्हणजे चाक दोन्ही दिशांनी ताठ राहतं. आसाला कागदी नळीच आहे, पण फिरून फिरून भोक सैल होतं, तिथे जाड कागदाचं कडं बसवून बघायचं आहे. ते जमलं की पुढच्या खेपेपासून चाकं पेटीत येतील. दर पेटीत पाच टाकायची, असं नणंदेने आत्तापासूनच ठरवून ठेवलंय.