छोट्या दुकानाने मार्केटिंगच्या सॉफ्टवेअरसाठी पैसे मोजावेत का?

सांगलीतील लहान व्यापाऱ्यांची खाती आणि जीएसटीची विवरणपत्रे सांभाळण्याचे काम मी करतो, त्यामुळे त्यांची बँक खाती दर महिन्याला माझ्या नजरेखालून जातात. गेल्या काही वर्षांत त्यांत एक नवी नोंद सारखी दिसू लागली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून एकगठ्ठा संदेश पाठवणारे, ग्राहकांची यादी ठेवणारे किंवा जाहिराती करून देणारे एखादे सॉफ्टवेअर घेतलेले असते आणि त्याचे पैसे दरमहा आपोआप वजा होत असतात. हे पैसे वसूल होतात का, असे मला अनेकजण विचारतात. माझे मत आता पक्के झाले आहे. जे काम तुम्ही आधीपासून हाताने नियमित करत आहात आणि जे आता हाताला आवरत नाही, तेवढ्यासाठीच सॉफ्टवेअर घ्यावे. जे काम दुकानात कधी सुरूच झाले नाही, ते सॉफ्टवेअर आणल्याने सुरू होत नाही.

आधी आकडेमोड करू. समजा, सॉफ्टवेअरचे भाडे महिना २,५०० रुपये आहे. १८ टक्के जीएसटी धरून ते २,९५० रुपये होते. हळद पावडरीच्या किलोमागे सगळा खर्च जाऊन ४० रुपये उरत असतील, तर नुसते भाडे भरून निघायला दरमहा सुमारे ७४ किलो पावडर जादा खपली पाहिजे, आणि तीही अशी, जी एरवी खपली नसती. विकायला येणारा प्रतिनिधी नेहमी उलाढाल किती वाढेल ते सांगतो. व्यापाऱ्याने मात्र किलोमागे उरणाऱ्या पैशावरच बोट ठेवावे. नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरणाऱ्याला या १८ टक्क्यांची वजावट मिळते, म्हणजे स्वतः भरायच्या जीएसटीतून ती रक्कम कमी करता येते, पण त्यासाठी बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक असावा लागतो. खाते उघडताना घाईत फक्त स्वतःचा ईमेल घातलेला असतो, बिल व्यक्तीच्या नावाने निघते आणि वजावट हातची जाते, असे मी वारंवार पाहतो. कंपोझिशन योजनेतील, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या दुकानदाराला ही वजावट मुळातच नाही, म्हणून त्याने पूर्ण २,९५० रुपये हाच खर्च धरावा.

एका हळदीच्या दुकानात मालकांनी मला संगणकासमोर बसवून विचारले, "साहेब, मेसेज तर सगळ्यांना गेलेत, मग फोन का येत नाहीत?" पडद्यावर किती संदेश गेले, किती पोहोचले, किती वाचले गेले, हे सारे रंगीत आलेखांत नीट दिसत होते. मी यादी उघडायला सांगितली. नावे थेट फोनमधून उचललेली होती: 'हळद पुणे २', 'बेदाणा मॅडम कोथरूड', 'पॅकिंग पिशवी', 'टेम्पो मिरज'. एकच ग्राहक तीन नंबरांवर होता, आणि पिशव्या पुरवणाऱ्यालाही हळदीची सवलत कळवलेली होती. कोणी शेवटची खरेदी कधी केली, काय घेतले, किती घेतले, याचा एकही रकाना भरलेला नव्हता. ही माहिती दुकानातच होती, बिलबुकांच्या कार्बन प्रतींत, पण ती कोणी उतरवून काढली नव्हती. आम्ही नंतर साध्या एक्सेलमध्ये नाव, गाव, शेवटची खरेदी आणि माल एवढे चार रकाने केले. उन्हाळ्यात वर्षाची चटणी आणि हळद करून ठेवणारी घरे कोणती, हे त्या यादीतून लगेच वेगळे निघाले. त्यांना मालकांनी स्वतः फोन केले, आणि त्या फोनांवरच मागणी नोंदवली गेली. यासाठी एक रुपयाही द्यावा लागला नाही.

फुकटच्या साधनांची ताकद आपल्याकडे नीट वापरलीच जात नाही, असे मला कळकळीने वाटते. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे अ‍ॅप २०१८ पासून विनामूल्य आहे. त्यात मालाचा कॅटलॉग, ठरावीक उत्तरे आणि ग्राहकांना लावायची लेबले आहेत, आणि एका फोनला आणखी चार उपकरणे जोडता येतात. त्याच्या ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच संदेश एकदम अनेकांना पाठवायच्या यादीत, २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर जपून ठेवला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो. पुष्कळांना ही अडचण वाटते. मला ती चाळणी वाटते, कारण ज्याने नंबर जपला तोच खरा ग्राहक. गुगलवरची दुकानाची नोंदही फुकट आहे. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (त्या भागाचा खास माल अशी सरकारी नोंद) मिळाले, म्हणजे बाहेरगावचा माणूस सांगलीचे नाव घेऊनच माल शोधतो. अशा वेळी गणपती पेठेतल्या दुकानाची वेळ चुकीची असेल, फोटो नसेल किंवा नंबर जुना असेल, तर महागडे सॉफ्टवेअर त्याची भरपाई करू शकत नाही. (मानांकनाचे चिन्ह वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी लागते, हेही अनेकांना माहीत नसते.)

एका प्रकारापासून मात्र दूरच राहावे. एकदाच थोडे पैसे घेऊन हजारो नंबरांवर व्हॉट्सअ‍ॅप संदेश पाठवून देणारी सॉफ्टवेअरे व्हॉट्सअ‍ॅपची मालक कंपनी मेटा हिच्या अधिकृत मार्गाने चालत नाहीत आणि त्यामुळे नंबर बंद होऊ शकतो. जो नंबर पाटीवर, पिशवीवर आणि जुन्या ग्राहकांच्या फोनमध्ये आहे, तो गमावणे म्हणजे दुकानाचा पत्ता पुसणे. अधिकृत मार्गात संदेशाचा मसुदा आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि जाहिरातीच्या प्रत्येक संदेशाला दर असतो. तो दर सॉफ्टवेअरच्या भाड्याहून वेगळा असतो, आणि नेमके हेच विकताना हळू आवाजात सांगितले जाते.

तरीही काही धंद्यांना मी स्वतः आग्रहाने सॉफ्टवेअर घ्यायला लावतो. पाणी शुद्धीकरणाच्या यंत्रांची देखभाल करणारा कारागीर घ्या. प्रत्येक घराचा फिल्टर बदलण्याचा दिवस वेगळा, वार्षिक करार संपण्याची तारीख वेगळी, आणि ग्राहक काही शेकड्यांवर गेले की वही त्याला साथ देत नाही. येथे चुकलेली प्रत्येक तारीख म्हणजे थेट बुडालेले उत्पन्न असते. योग्य दिवशी आपोआप आठवण पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरचे भाडे थोड्याच करारांत निघते, आणि ते निघाले की नाही हे मोजताही येते. मिरजेतील तपासणी प्रयोगशाळा, विम्याचे काम करणारे, वाहनांची सर्व्हिसिंग करणारे यांचेही तसेच आहे. तारखेला बांधलेला धंदा असेल तर पैसे द्यावेत. हंगामाला बांधलेला असेल तर हंगामापुरतेच द्यावेत. बेदाण्याच्या व्यापाऱ्याने दिवाळीच्या आधीचे दोन-तीन महिने सॉफ्टवेअर चालवून नंतर थांबवले तर काही बिघडत नाही. म्हणूनच वर्षाचे पैसे एकदम भरल्यास मिळणाऱ्या सवलतीला पहिल्या वर्षी तरी नकार द्यावा.

बंद करताना दोन गोष्टी पाहाव्यात. ग्राहकांची यादी आधी आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी, कारण खाते बंद झाल्यावर ती मिळेलच असे नाही. आणि कार्डावर दिलेली आपोआप वजावटीची संमती बँकेकडे वेगळी रद्द करावी. अशी वजावट होण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने सूचना पाठवणे रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आवश्यक आहे. ती सूचना दुकानातील ज्याच्या फोनवर येते, त्याला ती वाचून मालकाला सांगण्याची सूचना आजच देऊन ठेवावी.