दुधाचा सुळा

शनिवारी दुपारी पुण्याहून गाडी मारत तो थेट सांगलीत, माझ्या दवाखान्यात आला. सोबत आई. "मॅडम, समोरचा दात हलतोय म्हणतोय बघा. सत्तावीस वर्षांचा घोडा!"

त्याने डबी उघडून ॲलाइनर, म्हणजे दात सरकवणारे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे, दाखवले. कंपनीची माणसं घरी येऊन दातांचं स्कॅनिंग करून गेली होती, ट्रे कुरिअरने यायचे. ११ वा ट्रे चालू होता.

मीही ॲलाइनर देते. थोडी दाटी, किरकोळ फटी, तारा काढल्यावर रिटेनर न घातल्याने पुन्हा सरकलेले दात, अशांना ते उत्तम चालतात. फक्त दिवसाचे २० ते २२ तास तोंडात हवेत. आमच्या लोकांना दर दोन तासांनी चहा, चार वाजता भडंग. ट्रे निघतो, कागदी रुमालात गुंडाळला जातो आणि रुमालाबरोबर कचऱ्यात. हा मात्र शिस्तीचा निघाला. ट्रे दातांवर चपखल, कडेला कुठे फट नाही.

आरशात वरचा उजवा सुळा बघितला आणि थांबले. शेजाऱ्यांपेक्षा बुटका, जास्त पांढरा, टोक झिजून सपाट. दुधाचा दात!

ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, काढला. खरा सुळा वर हाडात आडवा झोपलेला. मग सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन. सुळा टाळूच्या बाजूला होता आणि त्याचं टोक पटाशीच्या कडेच्या दाताला, म्हणजे हलणाऱ्या दाताला, भिडलं होतं. त्या दाताचं मूळ जवळजवळ अर्धं खाल्लं गेलेलं.

त्याने मोबाइलवर कंपनीचा व्हिडिओ दाखवला. दात कसे हळूहळू ओळीत येतात तो. सुंदरच असतात हे व्हिडिओ. त्यातल्या दातांना हाड नसतं, मूळही कल्पनेनेच काढलेलं. स्कॅनरला हिरडीच्या बाहेरचं तेवढं दिसतं. हा हलणारा दात मुळात आत होता, तो बाहेर ढकलायचा बेत. दात असा कलता केला की दिसणारा भाग बाहेर येतो आणि मूळ उलट, टाळूकडे झुकतं. टाळूकडे सुळा बसलेला! एका एक्स-रेचं काम होतं. तो न बघता या बेतावर कुणीतरी पदवीधर डॉक्टरने सही केली असणार, त्याचा मला अजून राग आहे.

तरी ट्रेंमुळेच हे झालं, असं छातीठोक मी त्याच्या आईला सांगू शकले नाही. असा अडकलेला सुळा काहीही न करताही शेजारचं मूळ खातो. दुखत नाही, कळत नाही. सुरुवातीची फिल्मच नाही, तर तुलना कशाशी करणार? खरं तर नऊ-दहा वर्षांच्या पोराच्या वरच्या हिरडीवरून बोट फिरवलं की सुळ्याचा उंचवटा हाताला लागतो. अर्धं मिनिट लागतं. शाळेच्या तपासणीत किडके दात मोजतात, हे कुणी करत नाही.

तेवढ्यात रिसेप्शनवरच्या ताईंनी जुना केसपेपर आणून ठेवला. दोन वर्षांपूर्वी तो माझ्याकडेच येऊन गेला होता. माझ्याच अक्षरात एक ओळ: वरची दाटी, ओपीजी सांगितला, तारा.

"तुम्ही म्हणालात, ॲलाइनरचं फॅड सोड, तारा लाव," तो म्हणाला. "का, ते नाही सांगितलंत."

तोही शनिवारच असणार, बाहेर खुर्च्या भरलेल्या. दुधाच्या सुळ्याचा कागदावर उल्लेख नाही. दिसला नाही की लिहिला नाही, आठवत नाही. कालपासून तेच आठवतेय.

या वेळी पेन्सिलीने काढून दाखवलं. आधी सर्जनकडे हिरडी उघडून सुळा मोकळा करायचा, त्याला साखळी लावून तारांच्या आधाराने पटाशीच्या मुळापासून लांब न्यायचा, मग दुधाचा दात काढून खाली आणायचा. दीड-दोन वर्षं. मूळ अर्धं गेलेला दात टिकेल का, याची हमी नाही.

आई गप्प होती. त्याने चित्राचा फोटो काढला, डबी बंद केली, पुन्हा उघडली.

"मग आज रात्री ट्रे घालू का?"

"हाच घाल. १२ वा उघडू नकोस."