सोलापूरच्या पाण्यात पहिला प्लांटेड टँक

माशांचा दोन फुटी काचेचा टँक, त्यात खरी झाडं, झाडांना कार्बन डायऑक्साइड (सीओटू) द्यायचा सिलिंडर नाही, वरच्या मजल्यावरची खोली. एवढ्यावर सुरू केलेल्या कामाची ही जानेवारी ते मे अशी नोंद. मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण या छंदाबद्दल जे सहज पाहायला-वाचायला मिळतं ते बहुतेक कमी क्षारांच्या पाण्याचं आणि वर्षभर पंचवीस-सव्वीस अंशांवर राहणाऱ्या खोलीचं असतं. आपल्याकडे पाणी जड, मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला आणि हवा कोरडी ठक्क. म्हणून मी क्रम उलटा धरला. आधी पाणी पाहिलं, मग ऊन, मग या दोघांना सोसतील अशी झाडं. मासे सगळ्यांत शेवटी.

जानेवारी

गड्डा संपता संपता कामाला लागले. आमच्या नळाला उजनीचं पाणी येतं, भीमेवरच्या धरणातून शंभरावर किलोमीटर पाइपातून, तेही काही दिवसांआड. शिवाय घराचं बोअर आहे. दोन्ही पाण्यांत टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवून पाहिला. बोअरचा आकडा हजाराच्या पुढे गेला, नळाचा त्याच्या निम्म्याहून कमी. तिथेच बोअर बाद केलं. टीडीएसवरून क्षार किती ते कळतं, कोणते ते कळत नाही, म्हणून जीएच (पाण्याचा एकूण जडपणा) आणि केएच (बायकार्बोनेटचं प्रमाण) मोजणारं थेंबांचं किटही घ्यावं. नळाच्या पाण्याचा केएच चांगलाच वर होता आणि पीएच ८च्या आसपास.

हा पीएच खाली आणण्याच्या नादाला मी लागले नाही. केएच जास्त असला की आम्ल घालून उतरवलेला पीएच पुन्हा वर चढतो आणि या चढउताराचा त्रास माशांना स्थिर आठपेक्षा जास्त होतो. देशी बदामाची वाळलेली पानं टाकतात, त्यांनी पाण्याला चहाचा रंग येतो, पण आपल्या केएचपुढे पीएचवर फारसा फरक पडत नाही. आणि आरओच्या दुसऱ्या नळीतून जे पाणी वाया जातं ते टँकला कधीच वापरू नका. गाळलेले क्षार त्यातच साठलेले असतात.

दगड विकत घ्यायची गरज नाही. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, पाण्यात काही सोडत नाही. मात्र त्याच्या पोकळ्यांत आणि भेगांत पांढरी खनिजं भरलेली असतात. काही झिओलाइट असतात, काही कॅल्साइट. प्रत्येक दगडावरच्या पांढऱ्या शिरेवर टॉयलेट क्लीनरचा एकेक थेंब टाकला (हातमोजे घालून, गच्चीवर). एका दगडाची शीर सोड्यासारखी फसफसली, म्हणजे तिथे चुना. तो बाजूला काढला. बाकीचे गप्प राहिले, ते स्वच्छ धुऊन घेतले.

माती हा मला सगळ्यांत आवडलेला भाग. तयार अ‍ॅक्वा सॉइल महाग पडते, म्हणून वॉलस्टॅड पद्धतीने जायचं ठरवलं. खाली साध्या मातीचा थर, वर वाळूचं झाकण. शेतातली काळी माती चालेल का, हा प्रश्न सोलापुरात पडणारच. काचेच्या दोन बरण्या घेतल्या. एकीत शेतातली काळी माती, दुसरीत नर्सरीतली शेणखत न मिसळलेली लाल माती, दोन्हींत पाणी ओतून ढवळलं. लाल माती संध्याकाळपर्यंत खाली बसली आणि वर नितळ पाणी दिसायला लागलं. काळीचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच होतं, बरणीपलीकडचं बोट दिसेना. तिच्यातले बारीक पांढरे खडे चिमटीत धरून व्हिनेगरमध्ये टाकले तर बुडबुडे धरले. काळी माती अन्नद्रव्यं धरून ठेवायला उत्तम असते, पण तिचे कण फार बारीक आणि वर ही चुनखडी. आपलं पाणी आधीच जड, त्यात आणखी चुना कशाला? लाल माती चाळून घेतली.

फेब्रुवारी

टँक ६० × ३० × ३६ सेंमी. माती, दगड आणि पाणी धरून वजन सत्तर-ऐंशी किलोच्या घरात जातं, म्हणून लोखंडी स्टँड, त्यावर प्लायवूड, त्यावर थर्माकोलची शीट. लेव्हल बॉटलने तपासून घेतलं. इंचभर माती, वर इंचभर जाडसर वाळू. वाळूवर ताट ठेवून त्यावर बारीक धारेने पाणी सोडलं, त्यामुळे माती उठली नाही.

झाडं भरपूर आणि पहिल्याच दिवशी लावायची, हा या पद्धतीचा कणा आहे. मी घेतली ती सगळी जड पाण्यात तग धरणारी. मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरिया, बाजूला हायग्रोफिला पॉलिस्पर्मा आणि जलब्राह्मी, मध्ये क्रिप्टोकोराइन वेन्डटी, दगडांवर अनुबियास नाना आणि जावा फर्न. हायग्रोफिला आणि ब्राह्मी तर आपल्या देशातल्याच. अनुबियास आणि जावा फर्नचा आडवा कंद मातीत पुरायचा नाही, पुरला की सडतो. सुती दोऱ्याने दगडाला बांधले. दोरा कुजेपर्यंत मुळांनी दगड पकडलेला असतो, आणि सोलापुरात सुती दोरा कुठल्याही घरात सापडतो. व्हॅलिस्नेरियाचा पांढरा गड्डा वाळूच्या वर राहील इतकंच खोल लावायचं.

दुकानात अण्णा म्हणाले, "ताई, निऑन टेट्रा न्या, झाडांत काय उठून दिसतात!" मी पाण्याचे आकडे सांगितले. त्यांनी क्षणभर विचार केला. "मग गप्पी, मोली. ह्या पाण्यात त्या नुसत्या जगत नाहीत, पिल्लं देतात." ग्राहकाचं पाणी विचारात घेऊन मासा सांगणारा दुकानदार मिळाला की त्याला धरून ठेवावं. मासे मात्र त्या दिवशी घेतले नाहीत.

मार्च

टँक बिनमाशांचा चालवला. कडेला स्पंज फिल्टर, रोज चिमूटभर फिशफूड. त्यातून अमोनिया तयार होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पिरासारखे जिवाणू पुढे नायट्रेट करतात. साधारण चार ते सहा आठवडे लागतात. झाडं दाट असतील तर बराच अमोनिया ती स्वतःच खातात.

आपल्याकडे इथे घाई अजिबात चालत नाही, आणि त्याला कारण आहे. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. त्यातलं मुक्त रूप माशांचे कल्ले जाळतं, आणि त्याचं प्रमाण पीएच व तापमानावर ठरतं. पंचवीस अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का मुक्त असतो. पीएच ८ला तो पाच टक्क्यांवर जातो आणि पाणी बत्तीस अंशांना गेलं की आठ टक्क्यांच्या वर. किटवरचा आकडा तोच, पण कोकणातल्या कमी पीएचच्या टँकपेक्षा सोलापूरच्या टँकमध्ये तो कितीतरी पट घातक. 'थोडा अमोनिया चालतो' हे वाक्य आपल्यासाठी नाही. अमोनिया आणि नायट्राइट हे दोन्ही आकडे शून्यावर येऊन तिथेच टिकेपर्यंत मी थांबले.

या काळात काचेवर तपकिरी थर आला. तो डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा, नव्या टँकमध्ये येतोच, पुसायचा आणि विसरायचा. क्रिप्टची पानं विरघळल्यासारखी गळाली. घरी सगळ्यांनी ते झाड काढून टाकायला सांगितलं. काढू नका! जागा बदलली की क्रिप्ट जुनी पानं सोडतं, मुळं जिवंत असतात. मार्च संपताना त्याच गड्ड्यातून तांबूस, गुंडाळलेली, काडीएवढी नवी पानं वर आली.

मग गप्पी आणले, फक्त नर, थोडेच. डासांच्या अळ्या खायला हिवताप विभाग हौदांत, डबक्यांत हेच मासे सोडतो, इतके ते चिवट. पण चिवट म्हणूनच एक गोष्ट पाळा. जास्तीचे मासे किंवा छाटलेली झाडं कंबर तलावात किंवा कुठल्याही ओढ्यात सोडू नका. तिथले स्थानिक मासे त्यांच्यापुढे टिकत नाहीत.

एप्रिल आणि मे

खरी परीक्षा इथे. खोलीत दुपारी छत्तीस-सदतीस, टँकमधलं पाणी तेहतिसाकडे चालायला लागलं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. पंचवीस अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम, तर पस्तीसला सातच्या आसपास. आणि नेमकं त्याच वेळी मासे आणि जिवाणू जास्त प्राणवायू मागतात. रात्री झाडंही तो वापरतात, म्हणून पहाटेची वेळ सगळ्यांत अवघड. एअर पंप रात्रभर चालू ठेवला, इन्व्हर्टरला जोडून.

थंड करायला चिलर लागला नाही. टँकच्या वर तिरपा लावलेला बारा व्होल्टचा कॉम्प्युटर फॅन पुरला. माठात जे होतं तेच इथे होतं. एक लिटर पाणी वाफ होऊन उडतं तेव्हा ते माझ्या टँकएवढ्या पाण्याचं तापमान दहा अंशांनी उतरवण्याइतकी उष्णता घेऊन जातं. खोली ती सतत परत देत राहते, त्यामुळे हाती तीन अंश लागतात, पण तेवढे बास. मुंबईच्या दमट हवेत हा फॅन इतकं काम करणार नाही. आपला कोरडा उन्हाळा या एका बाबतीत आपल्या बाजूने आहे.

त्याची किंमत मात्र पाण्यात मोजावी लागते. मे महिन्यात रोज दीड-दोन लिटर पाणी उडतं, म्हणजे महिन्याला जवळपास टँकभर. पाणी उडतं, क्षार मागेच राहतात. ही घट नळाच्या पाण्याने भरत राहिलं तर महिनाअखेर क्षार दुप्पट. म्हणून नियम केला आहे: उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं, आणि दर आठवड्याला एक पंचमांश पाणी बदलायचं ते नळाचं, अँटी-क्लोरीन घालून. हा नियम धरल्यापासून टीडीएस जागेवर आहे. या पूर्ण नोंदीतली एकच गोष्ट कुणी उचलणार असेल तर ही उचला.

पाणी बदलायचं ते सकाळी सहाच्या आत. दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येणाऱ्या पाण्यात हात धरवत नाही. काढलेलं पाणी सासूबाई वाया जाऊ देत नाहीत, बादली थेट तुळस आणि कढीपत्त्याकडे जाते. त्यातलं नायट्रेट खतच असतं. कढीपत्ता या उन्हाळ्यात कधी नव्हे इतका फुटलाय.

दिवा टायमरवर, संध्याकाळी पाच ते अकरा. दुपारच्या उकाड्यात दिव्याची जास्तीची ऊब नको, आणि सगळे घरी असताना टँक उजळलेला असतो. सहा तासांच्या पुढे नेला की काचेवर हिरवं शेवाळ धरतं.

आता झाडांचं. व्हॅलिस्नेरियाने वाळूखालून धावत्या फांद्या सोडल्यात आणि मागची भिंत जवळपास भरली. परवा एक पान बोटांत धरून ओढलं तर ते खरखरीत लागलं, पॉलिश पेपरसारखं. हात वर काढून उजेडात पाहिलं, पानावर पांढुरकी पूड बसलेली होती. हा रोग नाही. पाण्यात मोकळा कार्बन डायऑक्साइड कमी पडला की हे झाड बायकार्बोनेटमधून कार्बन घेतं आणि त्या व्यवहारात पानावर चुना बसतो. म्हणजे ज्या क्षारांमुळे निऑन टेट्रा ठेवता येत नाहीत त्यांच्यावरच हे झाड पोसतंय. सिलिंडरशिवाय सोलापुरात काय लावावं, असं कुणी विचारलं तर मी आधी व्हॅलिस्नेरियाच सांगेन. जलब्राह्मी वर येऊन पाण्याबाहेर डोकावतेय. हायग्रोफिला दर आठवड्याला छाटावी लागते. अनुबियास हळू, पण एक पान गमावलेलं नाही.

चेरी झिंगे ठेवायची फार इच्छा आहे, पण पाणी तिशीच्या वर असेपर्यंत नाही. पाऊस लागला की पहिल्या एकदोन सरी गच्ची धुऊन जाऊ देणार आणि नंतरचं पाणी ड्रममध्ये साठवणार, आरओऐवजी भरपाईला. पंढरपूर, बार्शी, लातूरकडे कुणी पावसाचं पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकवलं असेल तर ड्रम कसला, झाकण कसं, अळ्या होऊ नयेत म्हणून काय केलं, ते सांगा. आणि व्हॅलिस्नेरियाची रोपं माझ्याकडे आता जास्तीची आहेत. सोलापुरातल्या कुणाला टँक सुरू करायचा असेल तर घेऊन जा, मुळांसकट देते.