बागेच्या पैशातलं घड्याळ

फेवर ल्युबा हे नाव आमच्या वरुडकडे नवं नाही. मागच्या पिढीत मास्तर, पटवारी, सोसायटीचे सचिव यांच्या मनगटावर हीच चावीची घड्याळं दिसायची. बाबांचं सी-किंग तर लग्नात मिळालेलं. पुढे सेलची स्वस्त घड्याळं आली आणि हे नाव मागे पडलं. 1737 साली स्वित्झर्लंडच्या ल लोक्ल गावात सुरू झालेली ही कंपनी 2011 मध्ये टायटनकडे आली, 2023 मध्ये इथॉस समूहाकडे गेली आणि 2024 मध्ये जिनिव्हात नवी घड्याळं घेऊन पुन्हा उभी राहिली. तिचंच, ठरावीक संख्येत काढलेलं आणि पाठीवर क्रमांक कोरलेलं एक पोलादी घड्याळ मला घ्यायचं होतं.

"टाइमच पाहाचा हाये नं, मंग मोबाइल काय वाईट हाये?" हे बायकोचं म्हणणं. याच कंपनीने 1962 मध्ये उंची आणि हवेचा दाब दाखवणारं बिव्हॉक नावाचं मनगटी घड्याळ काढलं होतं, हे मी तिला मोठ्या उत्साहाने सांगितलं. "आपल्याले कोनता डोंगर चढाचा हाये?" इथे तो विषय संपला.

नागपूरच्या दुकानात फोन केला तर पहिलं वाक्य, "सर, दोनच उरलीत." संत्र्याचे व्यापारी बागेत उभे राहून "आज देता का, उद्या भाव पडते" म्हणतात, त्याच चालीचं. खरंही असेल, पण मी घाई केली नाही. इसार भरण्याआधी एवढंच विचारलं की मला नेमका कोणत्या क्रमांकाचा नग मिळणार आणि सौदा फिसकटला तर इसार परत मिळणार का. दोन्हींचं उत्तर लेखी मागवलं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, तेवढं पुरे. मग इसार यूपीआयने दिला.

खरी कसरत पुढे. संत्र्याची आंबिया बहाराची बाग उभ्यानेच, म्हणजे फळं झाडावर असतानाच, विकली होती आणि व्यापाऱ्याने बरीचशी रक्कम रोख दिली होती. घड्याळाची किंमत दोन लाखांच्या वर. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख दुकानदाराला एका व्यवहारात घेताच येत नाही. घेतली तर तेवढाच दंड त्याच्यावर बसतो, म्हणून तो तुकडे पाडूनही घेत नाही. त्याचं बरोबरच आहे. शिवाय पॅन द्यावाच लागतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून आपल्याकडे बरेच जण पॅनकडे दुर्लक्ष करतात, पण अशा खरेदीत ते चालत नाही.

आमचे सीए म्हणाले, "भाऊ, पैसा पांढराच हाये तुमचा, पण दाखवता आला पाहिजे. सौदाचिठ्ठी, सातबारा, सगळं एका फाइलीत लावा." फाइल लावली, रक्कम खात्यात भरली आणि उरलेले पैसे आरटीजीएसने पाठवायला बँकेत गेलो. तिथे एक गोष्ट वेळेवर लक्षात आली. बागेचं खातं बाबांच्या नावावर आणि बिल माझ्या नावावर. दुकानाला बिल, पॅन आणि पैसे पाठवणारं खातं एकाच नावाचं हवं होतं. बाबांनी आधी रक्कम माझ्या खात्यात वळवली आणि मग ती पुढे गेली. बाबांनी सही करताना फक्त विचारलं, "चावी द्या लागते का याले?" म्हटलं, नाही, हाताच्या हालचालीने आपोआप बसते. त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

कुरिअरने मागवलं नाही, स्वतः गेलो. काउंटरवर पाठीवरचा क्रमांक, वॉरंटी कार्डावरचा आणि बिलावरचा असे तिन्ही जुळवून पाहिले. कार्डावर तारीख आणि शिक्का माझ्यासमोर घेतला. काचेवरचं, कडांवरचं प्लास्टिक काढायच्या आधी उजेडात धरून ओरखडे बघितले. विक्रेता जरा कंटाळला, पण बोलला काही नाही.

पट्ट्याचं माप मात्र सगळ्यांनी नीट ऐकावं. थंडीत एसीच्या दुकानात मनगटाला चपखल बसलेला पोलादी पट्टा आपल्या मे महिन्यात रुततो, कारण उन्हाने हात फुगतो. मी एक कडी जास्तीची ठेवून घेतली, थोडं सैल वाटलं तरी. काढलेल्या कड्या दुकानातच राहू देऊ नका, मागून घ्या. नंतर तशाच कड्या शोधत बसावं लागतं आणि पुढे घड्याळ विकायचं झालं तर घेणारा त्या आधी मोजतो.