पी-0171: सेन्सर बदलण्याआधी

गाडी 2011 ची, पेट्रोल, बीएस-4, पुण्यातली. कात्रजचा जुना घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये दम टाकू लागली, पाय दाबला की झटके मारू लागली, आणि मग चेक इंजिनचा दिवा लागला. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर लावला तर कोड निघाला पी-0171. मिक्स्चर लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी.

गॅरेजवाल्या दादांचं उत्तर तयारच होतं. "ऑक्सिजन सेन्सर गेलाय, टाकून देऊ नवा." हा सेन्सर एक्झॉस्टच्या धुरातला ऑक्सिजन मोजतो, आणि हा कोड दिसला की पहिला बळी बहुधा त्याचाच जातो. तो बिचारा निरोप्या! मी म्हटलं, "दादा, आधी तपासू." इंजिन गरम केलं आणि चालू इंजिनच्या एअर पाइपात कार्ब क्लीनरचा, म्हणजे पेट्रोलसारख्या जळणाऱ्या स्प्रेचा, जरासा फवारा मारला. सेन्सरचं व्होल्टेज लगेच 0.9 च्या आसपास चढलं (व्होल्टेज जास्त म्हणजे इंधन जास्त, कमी म्हणजे लीन), फवारा थांबताच उतरलं. सेन्सर शाबूत होता. इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला गळती असली किंवा एखादा प्लग मिस करत असला तरी सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो आणि तो लीन सांगतो. दोन्ही पाहिलं, तसं काही नव्हतं.

पुढचा संशय व्हॅक्यूम पाइपांवर. यूट्यूबवरचे परदेशी मेकॅनिक पी-0171 म्हटलं की आधी फुटका रबरी पाइप शोधतात. त्यांच्या बऱ्याचशा गाड्यांत आत येणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर असतो, आणि फटीतून घुसलेली हवा त्याच्या हिशेबातच येत नाही. आपल्याकडच्या कितीतरी छोट्या गाड्यांत मात्र इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तिथे गळती झाली की दाब वाढतो, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्या मानाने पेट्रोलही वाढवतो, आणि गाडी लीन होण्याऐवजी आयडल, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरण्याचा वेग, चढतं. माझं आयडल ठरलेल्या जागी होतं. पाइप एकदा हाताने चाचपले आणि तो विषय सोडला.

खरं उत्तर रस्त्यावर मिळालं. भाच्याला शेजारी बसवलं, त्याच्या हातात मोबाइल दिला आणि पुन्हा घाट गाठला. लाँग टर्म फ्युएल ट्रिम म्हणजे ईसीयू स्वतःहून किती टक्के जादा पेट्रोल देतोय तो आकडा. आयडलला तो 12 च्या आसपास होता, चढावर 20 च्या वर गेला. फुल ॲक्सिलरेटरवर सेन्सरने 0.8 व्होल्टच्या पुढे जायला हवं, कारण त्या वेळी ईसीयू मुद्दाम पेट्रोल जास्त सोडतो. "मामा, 0.1 दाखवतंय," भाचा म्हणाला. मी लगेच पाय काढला. लोड असताना लीन चालवणं म्हणजे नॉकिंग (इंजिनात पेट्रोल अवेळी पेटून ठोके पडणं) आणि व्हॉल्व्ह-पिस्टनची वाट लावणं.

मागणी वाढली की पेट्रोल अपुरं पडत होतं, म्हणजे दोष टाकीच्या बाजूला. दादांनी लांब पाइपचं प्रेशर गेज जोडून वायपरखाली अडकवलं. आयडलला 3 बार, चढावर काटा 2 च्याही खाली. हे पाहिल्यावर सेन्सरचं नाव त्यांनीही काढलं नाही. मागची सीट उचलून पंप बाहेर काढला, तर खालची जाळी तपकिरी गाळाने लिंपलेली. हल्ली पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलमुळे जुन्या टाकीतला साचलेला मळ सुटतो, हे कारण मला पटतं. पण इतक्या वर्षांत टाकी कुणी साफ केली नव्हती, हेही आहेच. पंप थकलेला होता, म्हणून जाळीसकट पूर्ण असेंब्लीच बदलली आणि टाकी धुऊन घेतली.

आता घाटात 0.85 व्होल्ट मिळतात. ट्रिम मात्र शून्यावर आला नाही, 6 ते 8 वर थांबला, आणि दादा पुन्हा सेन्सरकडे बघू लागले. पण हा आकडा ई-20 चा, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा आहे. शुद्ध पेट्रोलला एका भागास 14.7 भाग हवा लागते, ई-20 ला साधारण 13.5, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. जुन्या पेट्रोलच्या हिशेबाने बांधलेला ईसीयू एवढी भर घालणारच. मी कोड पुसला, तो परत आलेला नाही.