पुलाखालचा ट्रोल

अनुवाद छापायला देण्याआधी मी तो एकदा मुलांना वाचून दाखवतो. मागच्या पावसाळ्यात तीन बोकडांची नॉर्वेजियन लोककथा घेऊन चौथीच्या वर्गात गेलो. आस्ब्यर्नसेन आणि मू या जोडीनं १८४०च्या दशकात छापलेली. बोकड चरून लठ्ठ व्हायला डोंगरावर निघतात. वाटेत पूल, पुलाखाली ट्रोल. डोळे कथलाच्या ताटल्यांएवढे, नाक दाताळ्याच्या दांड्याएवढं लांब. इथं मुलं घाबरणार, असा माझा हिशोब.

पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, ‘काका, तो कुणाला ट्रोल करतो?’

वर्गात हशा. बोकडांच्या फोटोंखाली तो काय काय लिहीत असेल, हेच पोरं मला सांगायला लागली. गोष्ट तिथंच राहिली.

घरी येऊन कोश उघडले. राक्षस ट्रोल जुन्या नॉर्स भाषेतला. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर त्याचा ‘ट्राव’ झाला. स्वीडिशमध्ये ‘ट्रोला’ म्हणजे आजही जादू करणं. पण इंग्रजीतलं ट्रोल हे क्रियापद वेगळ्याच घरचं. ते जुन्या फ्रेंचमधून आलं. शिकार हुडकत भटकणं हा त्याचा अर्थ. पुढे चालत्या होडीमागून गळ ओढत नेणं हाही अर्थ झाला. (आपल्या कोकणातला ट्रॉलर जाळं ओढतो, तो शब्द निराळा.) १९९०च्या सुमारास इंटरनेटवरचे जुने मुरब्बी नवख्यांपुढं मुद्दाम वेडगळ प्रश्न टाकायचे आणि कोण गळाला लागतं ते बघायचे. आजचं ट्रोलिंग त्या गळावरून आलं असं मानतात. मग आडोशाला बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर गुरगुरणारा पुलाखालचा बाबाही त्यात आपोआप शिरला. आता खुद्द नॉर्वेतही असल्या माणसाला ‘नेटट्रोल’ म्हणतात. म्हणजे पोरीचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

संपादक म्हणाले, ‘राक्षस लिहा आणि मोकळे व्हा.’ पण आपला राक्षस पुराणातला, त्याला लंका लागते. मुंजा पिंपळावरचा. खवीस जवळचा वाटला, पण ऊन लागून दगड झालेला खवीस मी तरी ऐकलेला नाही. नॉर्वेतल्या कितीतरी ट्रोलांचं मात्र तसंच होतं. शेवटी ट्रोलच ठेवला आणि उन्हाचं एक वाक्य आधी जोडलं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच वर्गात. या वेळी कुणी हसलं नाही. थोरला बोकड ट्रोलला शिंगांवर घेऊन नदीत भिरकावतो, तिथपर्यंत पोचलो. तीच मुलगी उठली.

‘काका, मग आता त्या पुलावर टोल नाही ना?’