भागूबाईच्या आड राहिलेली भागीरथी

माझ्या भावाची मुलगी मूळ नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर जन्मली, म्हणून गुरुजींनी नावासाठी 'भा' हे अक्षर काढून दिले. भार्गवी, भाविका, भाग्यश्री ही नावे सर्वांना चालण्यासारखी होती. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा आणि त्याबद्दल पाठीवर बुक्क्या खाण्याचा मान आत्याचा असतो; त्या मानाच्या बळावर मी भागीरथी हे नाव सुचवले. ते आमच्या आजीचे नाव. खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही आणि मग भावजय म्हणाली, "ताई, नाव चांगलं आहे हो, पण शाळेत पोरं भागूबाई म्हणतील त्याचं काय?"

हा आक्षेप खोटा नाही. भित्र्या माणसाला मराठीत भागूबाई म्हणतात, आणि गंमत अशी की बहुतेक वेळा हा शब्द मुलींना नव्हे, मुलग्यांना ऐकावा लागतो. पंचगंगेच्या घाटावरून पाण्यात उडी टाकताना कचरणारा, तालमीत पहिल्याच दिवशी अंग चोरणारा मुलगा आमच्याकडे भागूबाई ठरतो. एखाद्या पुरुषाला कमी लेखायचे तर त्याला बाईचे नाव द्यायचे, ही रीत किती जुनी आहे ते मला ठाऊक नाही. पण तिचा भुर्दंड ज्यांचा काहीच अपराध नव्हता अशा हजारो भागीरथींनी भरला, हे मात्र खरे.

आता मूळ नाव पाहावे. कपिल मुनींच्या क्रोधाने सगर राजाचे साठ हजार पुत्र भस्म झाले, त्यांच्या उद्धारासाठी अंशुमान आणि दिलीप यांनी केलेले तप अपुरे पडले, आणि अखेर दिलीपाच्या मुलाने, भगीरथाने, गंगा पृथ्वीवर आणली. अशक्य वाटणाऱ्या खटाटोपाला आपण आजही भगीरथ प्रयत्न म्हणतो. त्या भगीरथाची म्हणून गंगा भागीरथी झाली. म्हणजे एकाच कथेतून मराठीला चिकाटीची सर्वांत मोठी उपमा मिळाली आणि त्याच कथेतल्या मुलीच्या नावाचे तुकडे करून भित्रेपणाची शिवीही आपणच घडवली. भाषेचे असे घोटाळे इतरत्रही असतील, पण इतका उलटा न्याय मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

त्याहून विशेष म्हणजे याच नदीचे दुसरे नाव आज घरोघरी आवडीने ठेवले जाते. जह्नु ऋषींनी गंगा पिऊन टाकली आणि मग कानावाटे सोडली, म्हणून ती जाह्नवी, म्हणजे आपली जान्हवी. दोन्ही नावांची घडण एकच आहे: पुरुषाच्या नावाचा पहिला स्वर वाढवून, जनकाची जानकी आणि द्रुपदाची द्रौपदी होते तशी. नदी तीच आणि व्याकरणही तेच असताना जान्हवी आधुनिक ठरते आणि भागीरथी नऊवारीतली, याला टोपणनावाखेरीज दुसरे कारण मला दिसत नाही. बरे, टोपणनाव वाईट म्हणून नाव टाकायचे, तर मंदाकिनीला आपण दोन पिढ्या मंदा कशा म्हणत आलो? मंद या शब्दाचा अर्थ तेव्हा कोणाला ठाऊक नव्हता असे नाही.

आमची आजी पंचगंगेपासून हाकेच्या अंतरावर राहत असे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून झालेली ही नदी पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी आणि 43 फुटांची धोका पातळी ओलांडते, तेव्हा खालच्या गल्ल्यांतली माणसे सामान हलवू लागतात. 2005 च्या पुरात पाणी पायरीला लागले तेव्हा पुरुष मंडळी ट्रक कोठून मिळेल याची चर्चा करीत बसली होती. आजीने तेवढ्या वेळात ज्वारीची पोती माळ्यावर चढवून घेतली, म्हशींची दावी सोडली, आणि सगळ्यांच्या शेवटी घराबाहेर पडताना दारात आलेल्या पाण्याची खणानारळाने ओटी भरली. गल्लीत तिला सगळे भागाबाई म्हणत, समवयस्क बायका "ए भागे" अशी हाक मारत, आणि ती वळून ज्या नजरेने पाहत असे ती पाहून कोणालाही त्या नावात भित्रेपणा आठवला नसता.

शिवाय ज्या गावाची देवी अंबाबाई आहे आणि ज्या गादीचा पाया महाराणी ताराबाईंनी घातला, त्या गावात 'बाई' जोडल्याने नाव हलके होते असे मानणे मला चमत्कारिक वाटते. तारा हे नाव तर परतही आले आहे. झाशीच्या राणीच्या आईचे नाव भागीरथीबाई होते, हे मी भावजयीला सांगितले, ती म्हणाली, "पण त्यांना शाळेत जायचं नव्हतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

टोपणनाव आपणच आधी ठरवून टाकावे, असाही एक मार्ग मी सुचवला. मराठीत हाकेचे नाव बहुधा आरंभीच्या अक्षरांवरून पडते, शकुंतलेची शकू आणि इंदुमतीची इंदू होते. पण भागीरथीच्या शेवटी 'रथी' आहे आणि रथी म्हणजे रथातून लढणारा योद्धा. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ही फोड चुकीची आहे हे मान्य, तरी हाक म्हणून ती सुरेख आहे. भाऊ हसला. त्याचे म्हणणे असे की कोल्हापुरात टोपणनाव ठेवायचे नसते, ते पडते. आणि त्याचे स्वतःचे जे नाव तालमीत पडले ते इथे लिहिण्यासारखे नाही, त्यामुळे त्याचा अधिकार मोठा.

मुलीला थट्टा सोसावी लागेल, हे मी नाकारत नाही. ती थट्टा सोसणारी मी नव्हे, हेही जाणते, म्हणून हट्ट धरला नाही. जन्माची नोंद नावाशिवाय झालेली आहे आणि 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क नाव घालता येते, तेव्हा घाईही नव्हती. 27 व्या दिवशी मूळशांती झाली, त्या संध्याकाळी भावजयीने आपण होऊन विषय काढला. तिने एकदा बाळाला मांडीवर घेऊन पूर्ण नाव उच्चारून पाहिले होते आणि बाळ शांत झाले होते, एवढेच तिचे कारण होते. अट मात्र कडक घातली: घरात सर्वांनी पूर्ण भागीरथीच म्हणायचे, 'गी' दीर्घ उच्चारायची, आणि जो कोणी भागी किंवा भागू म्हणेल त्याने देवघराशेजारच्या डब्यात 10 रुपये टाकायचे.

बारसे येत्या रविवारी आहे. डब्यात आजपर्यंत 40 रुपये जमले असून त्यांतले 30 बाबांचे आहेत. स्वतःच्या आईला आयुष्यभर गल्लीने भागाबाई म्हटलेले ऐकलेल्या माणसाला ही सवय मोडणे जड जात आहे. उरलेले 10 माझे.